खुंटीवरची किल्ली

“नवी बॅटरी लावली, स्टार्टर फिरतोय, काकू. इंजिनच धरत नाहीये,” वायरवाली पिकअपच्या बॉनेटमधून डोकं बाहेर काढत म्हणाली. “म्हणजे बॅटरीचा दोष नाही. काकांचं निदान बाद.”

“त्यांचं निदान दर तासाला बदलतं. सकाळी बॅटरी, आता म्हणे इंजिनच जाम.”

“जाम इंजिन असं गरगर फिरतं होय?”

काका पायरीवर बसून हे ऐकत होते. “अगं, तीन वर्षं उभी आहे ती. भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो. कशाला पोरीचा जीव खातेस?”

“चालती गाडी घ्यायला माणूस बारा वाजता येतोय. आजच्या आज ती अंगणातून जायला हवी.”

उद्या मुलगा तुरुंगातून सुटून येणार होता. त्याला दार उघडायचं की नाही, हे काकूंचं अजून ठरलं नव्हतं. पण तो येईल तेव्हा ही गाडी डोळ्यांसमोर नको, एवढं ठरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी, एकोणीस मार्चच्या पहाटे, वळणावर याच गाडीखाली समोरची शिंपीण गेली. काकू तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा मुलाने पोलिसांना सांगूनही टाकलं होतं, “मीच चालवत होतो.”

तीस वर्षं शिंपिणीच्या आणि काकूंच्या खिडक्या समोरासमोर होत्या. दुपारी मशीनची खडखड थांबली, की काकू चहाचं आधण ठेवायच्या. काकूंचा प्रत्येक ब्लाउज तिने माप न घेता शिवला. “तुझं माप माझ्या डोळ्यांत आहे, तू जाड झालीस की मला आधी कळतं,” म्हणायची. ती खिडकी आता बंद असते. काकू मुलाला भेटायला एकदाही गेल्या नाहीत. काका मात्र दर महिन्याला न चुकता जायचे, आणि आल्यावर दोन दिवस जेवायचे नाहीत. बापाचं काळीज, असं काकूंना वाटायचं.

वायरवालीने पंपाजवळची एक वायर काढून तिला टेस्टरचा दिवा लावला. “किल्ली फिरवा, काकू.”

काकूंनी फिरवली.

“दिवा लागत नाही. हा बघा, डिझेल अडवणारा सोलेनॉइड. याला करंट मिळाला तरच पंपात डिझेल जातं. याला करंटच येत नाहीये.” तिने बॅटरीवरून दुसरी वायर आणून टेकवली. टक् असा आवाज झाला. “सोलेनॉइड शाबूत आहे. किल्लीपासून इथपर्यंत वायर कुठेतरी तुटलीय. फ्यूज तर मी मघाशीच पाहिले, सगळे ठणठणीत.”

“आदळली तेव्हा तुटली असेल. पोलिसांनाही सुरू झाली नव्हती. क्रेनने ओढत आणली.”

“तुटली असेल तर सापडेल. वायर काही पळून जात नाही.”

वायरवालीचे वडील असेच बोलायचे. गावातली प्रत्येक गाडी त्यांच्या हाताखालून गेली होती. गेल्या वर्षी ते वारले आणि वायरिंगचं दुकान हिच्याकडे आलं.

काकू अजून स्टीअरिंगसमोर बसल्या होत्या, किल्ली हातात होती. “या किल्लीनेच घात केला बघ. पोरगा मित्रांना घेऊन गाडी पळवायचा. हे रोज किल्ली लपवायचे, तो रोज शोधून काढायचा, आणि रोज बापलेकांची जुंपायची. मग कसं कोण जाणे, यांनी लपवणंच सोडलं. आठवडाभर किल्ली उघड्यावर, खुंटीला लटकत होती. मला दिसत होती गं. मी उचलून डब्यात ठेवली असती तर…”

“काकू, असं किती दिवस म्हणणार?” वायरवाली हळूच म्हणाली. “उतरा जरा. वायर सीटखाली गेलीय.”

काका पायरीवरून उठले. “अगं, बारा वाजत आले. पुरे आता.”

“पाचच मिनिटं, काका.”

तिने सीट उचलली, हात आत घातला आणि हसली. “घ्या! म्हणे तुटली. इथे चोरस्विच आहे. हा बंद असला की किल्ली कितीही फिरवा, इंजिन धरणारच नाही. बंदच आहे तो.” तिने खटका दाबला. “फिरवा आता.”

काकूंनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नवऱ्याकडे वळून हसल्या.

काका हसले नाहीत. ते घाईघाईने गाडीजवळ आले. “बंद कर. आधी बंद कर ती.”

वायरवालीने गाडी बंद केली. ती अजून सीटखालीच वाकून बघत होती. “अगंबाई, हे तर बाबांचं काम! पिवळी टेप. प्रत्येक जोडावर तारीख आणि काय केलं ते लिहायचे. मी चिडवायचे, ही काय वही आहे का.”

“वाच ना, काय लिहिलंय?” काकू कौतुकाने म्हणाल्या.

“अकरा मार्च. तीन वर्षांपूर्वीचा,” वायरवाली वाचू लागली. “चोरस्विच बसवला. मालकाने समोर उभं राहून…” तिचा आवाज मंदावला. तिने मान वर करून काकांकडे पाहिलं.

“पुढे वाच,” काकू म्हणाल्या.

“काकू…”

“वाच.”

“‘…बसवून घेतला. मुलाला गाडी नेता येऊ नये म्हणून. स्विच कुठे आहे, ते घरात कुणालाच सांगायचं नाही.’”