करंजाखालचं पान

पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत करंजाखाली एक पान दिसलेलं चालत नाही. सफाईवाल्या तानुबाईंनी एकदा झाडलेला पाला बुंध्याशीच लोटला, तर सेक्रेटरी ज्ञानेश दातारांनी कामावरून काढायची धमकी दिली. तेव्हापासून सगळा पाला प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घंटागाडीत जातो.

यंदा करंज पिवळे पडले. तज्ज्ञ म्हणाले, माती उपाशी आहे. लगेच बंगळुरूहून ट्रकनं वीस गोण्या खत आलं.

“सगळं बुंध्याशी पसरा,” दातार म्हणाले.

“ह्यात काय हाय, सायेब?”

“कुजवलेला पाला. एकदम नैसर्गिक.”

तानुबाईंनी उघडलेल्या गोणीचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं.

“पालाच हाय, मग ह्या गोण्या न्यायला घंटागाडी थांबवते. गेली नसंल अजून.”