उघडू नये

किल्ली कुलपात फिरली, पण बाईंचा हात काही दार ओढेना.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं ते जुनं लाकडी कपाट. दारावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरातला कागद: 'आत प्रयोग चालू आहे. मी सांगेपर्यंत उघडू नये.' दरवर्षी एखादं आगाऊ कार्टं मध्येच डोकावायचं आणि सगळ्या प्रयोगाची माती करायचं. म्हणून या वर्षी बाईंनी कुलूपच घातलं होतं. दुसऱ्याच दिवशी बहीण जिन्यावरून पडल्याचा फोन आला. बाई होत्या तशा निघाल्या आणि किल्ली पर्समध्ये गेली. आज परत येऊन पर्स उपसताना ती हाताला लागली, तेव्हा त्यांनी बोटांवर दिवस मोजले. कुलूप घालून तेरा दिवस झाले होते.

"उघडा की बाई," मागून मामा म्हणाले. "झाडच आहे, चावणार थोडंच!"

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. आतली कुंडी त्यांच्या घरची. मामींना ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्यांनी ती इथे आणून ठेवली होती. घरी पाणी कोण घालणार? इथे निदान बाईंच्या नजरेसमोर राहील. आणि बाईंनीच मग विचारलं होतं, "मामा, दोन दिवस प्रयोगाला घेऊ का हो? पानालासुद्धा धक्का लागणार नाही. एखादंच घेईन, तेही विचारून."

आज दुपारी मामी घरी यायच्या होत्या.

"खिडकीत ठेवून टाकतो," मामा सांगत होते. "आल्या आल्या ती आधी झाडाकडे बघेल. मग जमलं तर माझ्याकडे."

बाईंनी दार ओढलं.

ओलसर, कोंदट वास आला. कुंडीच्या कडेने पिवळ्या पानांचा सडा पडला होता. हात लावला की मोडतील अशी. वर दोन-तीन फांद्या उरल्या होत्या. दोऱ्यासारख्या बारीक, पांढऱ्याफटक, आणि सगळ्याच्या सगळ्या दाराच्या फटीकडे वाकलेल्या. एकीच्या टोकाला नखाएवढं पान होतं. त्यात हिरवा रंग नावालाही नव्हता.

मामांनी खाली बसून गळालेली पानं एकेक करून ओंजळीत गोळा केली.

"बाई," त्यांनी विचारलं, "अंधारात झाड खातं काय?"

इतकी वर्षं बाई हेच शिकवत आल्या होत्या. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर आणि ऊन म्हणजे चूल, असं म्हटलं की मुलं हसायची. मग एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारायची, "म्हणजे रात्री झाड उपाशी झोपतं का हो, बाई?" आणि बाई खुशीत सांगायच्या, "छे गं! दिवसा रांधून ठेवलेलं रात्री पुरवून पुरवून खातं." दाराशी उभे राहून मामांनीही ते ऐकलेलं होतं. दरवर्षी.

"साठवलेलं खातं," बाई म्हणाल्या.

"ते दोन दिवसांत संपतं. तुम्हीच सांगता."

"हो. ते संपवायलाच अंधारात ठेवतात."

"मग पुढचे अकरा दिवस?"

बाईंनी त्यांच्या ओंजळीकडे पाहिलं. उत्तर त्यांना येत होतं. वर्गात त्यांनी ते फळ्यावर चित्र काढून, न अडखळता सांगितलं असतं.

"आपलीच पानं, मामा," त्या म्हणाल्या. "एकेका पानातलं काढून घ्यायचं आणि ते सोडून द्यायचं. नव्या कोंबाला पुरवायचं. कुठेतरी उजेड मिळेल म्हणून."

मामांनी मान हलवली. बाईंना ते बघवेना, तशा त्या जरा चढ्या आवाजातच बोलल्या, "अहो, पण ऑफिसातून दुसरी किल्ली मागायची नाही का? मी इथे नाही म्हटल्यावर तुम्ही तरी..."

"दुसरी माझ्याकडेच आहे," मामा म्हणाले. कमरेचा जुडगा त्यांनी बाईंसमोर धरला. खरंच होती. "रोज इथेच तर झाडतो मी. एकदा लावलीही होती कुलपाला."

"मग?"

"तुमचं अक्षर होतं ना."

बाहेर व्हरांड्यात आठवीची मुलं गोळा झाली होती. बाई आल्या म्हणून त्यांचा नुसता कल्ला चालला होता.

"जगेल का हो?" मामांनी विचारलं.

"जगेल बहुतेक. मुळं शाबूत दिसतायत." बाईंनी मातीत बोट घालून पाहिलं. "पाणी बेताने घाला. आणि हे बघा, एकदम ऊन दाखवू नका. इतके दिवस अंधारात होतं, सोसणार नाही त्याला. हळूहळू. मामींना सांगा, बाईंची चूक झाली. नाहीतर मी येते संध्याकाळी, मीच सांगते."

"तुम्ही कशाला? मी म्हणेन, तूही आजारी होतीस, झाडही आजारी होतं." मामा हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. त्यांनी कुंडी छातीशी धरली आणि मुलांमधून वाट काढत ते निघाले.

मुलं धडाधड आत शिरली. "बाई, झाड तयार झालं का? करायचा ना आज प्रयोग?"

बाई खिडकीशी उभ्या होत्या. समोरच्या मैदानात टळटळीत ऊन पडलं होतं. मधोमध मामा एका हातात कुंडी घेऊन चालले होते, अगदी सावकाश. दुसऱ्या हाताने त्यांनी डोक्यावरची टोपी काढून झाडावर धरली होती.