अनुभवी माणूस

पाहुणे चाळीच्या पायऱ्या चढून वर आले तरी चन्नप्पा सतरंजीवरून हलला नाही.

"आजच्या दिस तरी ह्या चन्नप्पास्नी त्यांच्या घरी ठिवायचं," वच्छलाबाई स्टोव्हपाशी नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "पोरीला बघाया लोक आल्यात, आन् पयल्या मानाला हे बसल्यात."

"उद्या त्याला गिरणीत जायचंय," हिंदुराव म्हणाले. "आज एकटा सोडला तर उद्या जायचा न्हाय."

चन्नप्पा मागावरचा कामगार. पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून दिवाळीनंतर परत आलेला. त्याची बायको ईरम्मा सोडली, तर त्याच्याशी बोलणारा एकच माणूस सोलापुरात उरला होता, तो म्हणजे हिंदुराव.

हिंदुरावही कधीकाळी तिथं राहून आलेले, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी आपण होऊनच इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, की मी त्यातनं गेलोय, परत आलेल्यांच्या सोबतीला बसत जाईन. डॉक्टरांनी दाखला मागितला नाही. जी पदवी असलेले लोक लपवतात, तिचा दाखला कशाला?

उपचार साधा होता. हिंदुराव रोज संध्याकाळी चन्नप्पाकडे जाऊन बसत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात गिरणीतल्या कागाळ्या सांगत. चन्नप्पाला मात्र एकच विचारायचं असे.

"आण्णा, तुमाला परत कामावर घेतलं की?"

"घेतलं की."

"लोक हसले?"

"आठ दिस. मग त्यास्नी हसाया दुसरा कोन गावला."

इस्पितळाच्या आतलं हिंदुराव कधी बोलत नसत. चन्नप्पाने शॉकचा विषय काढला की मान खाली घालून ऐकत. ज्याने खरं भोगलं तो सांगत सुटत नाही, असं डॉक्टर कौतुकाने म्हणत.

पाहुण्यांत बोलणारे एकटे मुलाचे मामा. रामहरी त्यांचं नाव, बार्शीला धान्याची आडत. बहात्तरच्या दुष्काळापासून ते माणसंही ज्वारीसारखी पारखत, मूठभर घेऊन, फुंकर मारून. मुलगी पसंत पडली. मथुरा रिकाम्या बशा उचलून आत गेली. रामहरींनी पानाला चुना लावायला घेतला.

"येक राहिलं, पाव्हणं. तुमच्या गावी, वैरागला चवकशी केली. तुमच्या घरातलं कोनतरी पुण्याला हुतं म्हनत्यात. त्या दवाखान्यात."

आतला बशांचा आवाज थांबला.

"भाऊबंदातलं कोन असंल तर आमी डोळंझाक करू," रामहरी म्हणाले. "मेल्यागेल्याचं तर इचारीत बी न्हाय. पन बापाचं रगत पोरीत उतरतं. तेवढं तुमच्या तोंडनं ऐकू द्या. तुमी तर नव्हता न्हवं?"

सोय उत्तम होती. हिंदुरावांचा धाकटा भाऊ जोतीराम मागेच वैरागला विहिरीत पाय घसरून गेला होता, आणि मेलेल्या माणसाच्या डोक्यावर काहीही ठेवलं तरी तो कुरकुरत नाही. 'मी नव्हतो' एवढं म्हणायचा अवकाश, मथुरेचं लग्न ठरत होतं. वच्छलाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तोंडाने काही म्हणत नव्हत्या. म्हणायचं काही शिल्लकही ठेवत नव्हत्या.

चन्नप्पा हिंदुरावांकडे बघत होता. त्याच्या बशीतल्या पोह्यांना हात लागलेला नव्हता.

"मीच हुतो," हिंदुराव म्हणाले. "आता बरा हाय. कामाला जातो, संसार करतो. तुमच्या म्होरं बसलोय की."

रामहरींनी चुना लावलेलं पान तबकात परत ठेवलं.

"खरं बोललात, ह्यो तुमचा मोठेपना," ते म्हणाले, आणि मोठेपणाची एवढी पावती देऊन चपला शोधू लागले.

चन्नप्पा सगळ्यांच्या शेवटी उठला. दारात थांबून म्हणाला, "आण्णा, उद्या तुमी येऊ नका. मी एकटा जातो."

सकाळी भोंगा झाला. हिंदुराव रस्त्यापलीकडच्या हॉटेलाच्या आडोशाला उभे होते. चन्नप्पा फाटकाशी क्षणभर अडखळला. कोणीतरी काहीतरी बोललं, दोघे-तिघे हसले. तो मान वर ठेवून आत गेला.

हिंदुराव घरी आले तेव्हा वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. मथुरा भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"गेला?"

"गेला. येकटा गेला."

वच्छलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावर पाणी फिरवलं. मग पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"जोतीभाऊजी वरीसभर त्या दवाखान्यात हुते, तवा लोक बघत्याल म्हून तुमी त्यास्नी भेटाया सुदीक कवा त्याची पायरी चढला न्हाईत."