नकार पचवण्याचा तास

"थांब," ताई म्हणाल्या. "आज हो म्हणायचं नाहीये. आज फक्त नाही."

चष्मेवाली गोंधळली. "पण ताई, रविवारी मी रिकामीच असते. आणि मला यायचंय."

"मग तेवढं आधी म्हण. मग काहीतरी सबब सांग. शेवटी शुभेच्छा."

ऑटिझम असलेल्या सहा तरुण मुलामुलींना माणसांत कसं वागायचं, हे ताई दर बुधवारी शिकवत. आज मधोमध 'घड्याळ' उभी होती. चारला एक मिनिट कमी असताना दारात हजर, म्हणून हे नाव. तिला ते आवडायचंही.

बाकी सगळ्यात ती पास होती. घोडं अडलं होतं नकारापाशी. कुणी नाही म्हटलं की कान झाकून बाथरूममध्ये दडी मारायची. ग्रंथालयातली नोकरी तिच्यासाठी राखून ठेवली होती, फक्त शिफारसपत्रावर ताईंची सही व्हायची होती.

"पुढच्या वेळी आमंत्रणं. तयारी करून या," ताईंनी बजावलं होतं. पठ्ठीनं पाच कार्डं करून आणली. प्रत्येकावर एकेकाचं नाव, मागे बसस्टॉपपासूनचा नकाशा. सरावासाठी एवढा खटाटोप! ताईंना कौतुक वाटलं आणि हसूही आलं.

"माझ्या वाढदिवसाला येशील का?" घड्याळनं पुन्हा विचारलं.

"यायला खूप आवडलं असतं," चष्मेवाली ताईंकडे बघत म्हणाली, "पण मला काम आहे. तुला शुभेच्छा."

टाळ्या पडल्या. मग एकेकाचा नंबर लागला. एकानं रविवारीच दात काढायचा ठरवला, तेव्हा सगळे खो खो हसले. दर नकाराला घड्याळचे हात कानांकडे जात आणि अर्ध्यातून खाली येत.

पाचव्याला तिचे डोळे भरले. ताईंनी श्वास रोखून धरला.

"हरकत नाही," घड्याळ म्हणाली आणि हसली. "पुन्हा कधीतरी."

ताईंना गहिवरून आलं. तीन महिने त्या यासाठी राबल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली. कार्डं गोळा करून सरावाच्या खोक्यात टाकली. पुढच्या गटाला कामी येतील.

पाच वाजता घड्याळची आई घ्यायला आली. हातात फुग्यांची पिशवी.

"मग, किती जण येतायत रविवारी?" ती दारातूनच म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा स्वतःहून बोलावते म्हणाली, ताई. केक मोठाच सांगितलाय."

शिकवल्याप्रमाणे घड्याळनं आईच्या डोळ्यांत बघितलं.

"कुणीच नाही," ती हसून म्हणाली. "हरकत नाही. पुन्हा कधीतरी."