कारल्याचं कुंपण

हत्तींनी लागोपाठ दोन वर्षं एका शेतकऱ्याची केळीची बाग भुईसपाट केली, तेव्हा वनखात्याच्या साहेबांनी त्याला सल्ला दिला, "हत्तींना कडू आवडत नाही. कारली लावा." त्याने शेतभर कारल्याचे मांडव घातले. हत्ती आले, एकाने कारलं तोंडात टाकलं, पचकन थुंकलं आणि अख्खा कळप आल्या पावली परत गेला. तो गावभर कॉलर ताठ करून फिरला. मग गावानेही कारलीच लावली. आता बाजारात कारल्याला कुत्रं विचारेना, आणि घरात सकाळी रस कारल्याचा, दुपारी भाजी कारल्याची, रात्री पुन्हा भरलेली कारलीच.

अशात रोज संध्याकाळी शेताचं फाटक सताड उघडं सापडायला लागलं. कोणीतरी मुद्दाम हत्तींना वाट करून देतंय, या संशयाने तो मांडवाआड दबा धरून बसला.

एरवी एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या त्याच्या आई आणि बायको फाटक उघडून जोडीने आत आल्या. बायकोने गुळाच्या पाण्याची बादली धरली. आई ते पाणी एकेका कारल्याला चोळत जंगलाकडे बघून म्हणाली, "या रे बाबांनो, किती दिवस रुसून बसणार? आज गोड केलीत. पोटभर जेवा, लाजू नका!"