ब्लाउजपीसचं गिऱ्हाईक

मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या अंबिकानं लातुरात, वडलांच्या कापडदुकानाच्या माडीवर समुपदेशन केंद्र उघडलं. तीन महिन्यांत रस्त्याकडचा जिना एकही माणूस चढला नाही. लोक पाटी वाचायचे, इकडंतिकडं बघायचे आणि चालू लागायचे.

"भर बाजारात येड्याच्या डॉक्टरकडं कोण चढंल?" तिचे वडील मल्लिनाथअप्पा म्हणाले. "दसऱ्याला पाटी उतरव अन् बी.एड.ला लाग."

अंबिकानं बाहेरच्या जिन्याला कुलूप घातलं आणि दुकानातून वर जाणारा जिना उघडला. मग माणसं येऊ लागली. खाली एक ब्लाउजपीस घ्यायचा, पिशवी काखेत मारायची आणि हळूच वर सटकायचं. कुणी ओळखीचं भेटलंच, तर खरेदीला आलो! खुर्चीत टेकल्या टेकल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, घरी कळायचं न्हाई ना?"

गल्ल्यावर बसून अप्पा चढणारे मोजायचे, उतरणाऱ्यांची तोंडं न्याहाळायचे, अन् उगीच घडी केलेली थानं पुन्हा उलगडायचे. अंबिकाला मात्र सुनावायचे, "तुझ्या डिग्रीनं माझे ब्लाउजपीस खपायलेत, एवढंच. दसरा ध्यानात हाय ना?"

दसऱ्याच्या आदल्या दुपारी जिन्यात अप्पांची पावलं वाजली. अंबिका खुर्चीतून उठलीच.

"अप्पा, उतरवते पाटी. ओरडू नका."

अप्पांनी आत येऊन दार लोटलं आणि समोरच्या खुर्चीत अंग चोरून बसले. त्यांच्या काखेत दुकानाची पिशवी होती, पिशवीत एक ब्लाउजपीस.

"मॅडम," ते खाली बघत म्हणाले, "घरी कळायचं न्हाई ना?"