दोघं निघाले होते

नीळकंठच्या गळ्यात हार घालायला ओमप्रकाशच पुढे आला.

व्यायामशाळेत जमलेल्या सगळ्यांना ते साहजिक वाटलं. सायकलनं जग बघायला नागपूरच्या महाल भागातून हे दोघंच तर निघाले होते. ओमप्रकाश इस्तंबूलहून परतला. कावीळ झाली, असं त्यानं घरी सांगितलं. नीळकंठ एकटाच पुढे गेला, आणि युरोप, कॅनडा, जपान करून चौथ्या वर्षी नागपुरात पोचला. तोंड उन्हानं रापलेलं, अंगात आजच्यापुरता मागून आणलेला मामाचा कोट. एवढी माणसं एकाच वेळी आपल्याकडे बघतात, याची त्याला सवय राहिली नव्हती.

हार घालताना ओमप्रकाश अगदी जवळ आला. झेंडूच्या आडून तो पुटपुटला, "लोकं विचारतीन."

"विचारू दे," नीळकंठ म्हणाला.

लोकांनी विचारलं. बर्फात सायकल चालते का? तिकडे खायला काय मिळतं? एखादी गोरी मेम भेटली की नाही? यावर सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेली त्याची आई, अंजनाबाई, शेजारणीला म्हणाली, "आता यंदा याचंही लगन उरकून टाकतो वं."

मग दादाजी उठले. व्यायामशाळेचे जुने उस्ताद. या पोरांसाठी त्यांनीच दारोदार वर्गणी मागितली होती.

"नीळकंठ, एक सांग बाबू. हा ओमप्रकाश अर्ध्यातून वापस आला, तेव्हापासून मी याले बोलून राहिलो. म्हणतो, दोस्ताले परक्या मुलुखात सोडून आला, लाज नाही वाटली? आज तू समोर आहेस. खरं काय झालं होतं तिथं?"

नीळकंठनं ओमप्रकाशकडे पाहिलं. तो खालच्या सतरंजीकडे बघत होता.

झालं होतं ते एवढंच. इस्तंबूलच्या पुलावर दोघं होड्या बघत उभे होते. नागपूरपासून मनात जे होतं ते नीळकंठनं तिथं सांगून टाकलं. तू नसलास की मला करमत नाही, पोरी बघून लोकांना जे होतं ते मला तुला बघून होतं. त्यात काही लपवायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. खरं आहे, मग ज्याच्याबद्दल आहे त्याला सांगावं, इतका तो साधा होता. ओमप्रकाश रागावला नाही. तो होड्या बघत राहिला. सकाळी त्याची खाट रिकामी होती.

तेव्हा नीळकंठला वाटलं, असा जगात आपण एकटाच. पुढे ॲम्स्टरडॅमला एका हॉटेलात भांडी घासताना तिथल्या आचाऱ्यानं त्याला रविवारी घरी जेवायला बोलावलं. आचारी आणि त्याचा माणूस एकाच घरात राहत होते. खिडकीला पडदे होते, मांजर होती, कोण मीठ आणायला विसरलं यावरून दोघं भांडत होते. ते बघता बघता नीळकंठच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं, जेवण फार अळणी झालं. त्यांनी शेजारून मीठ मागून आणलं.

असल्या माणसांना काय म्हणतात ते त्याला तिथं कळलं. पण तो शब्द तिकडचा होता. इकडे तो कोणासमोर बोलणार?

"दादाजी," नीळकंठ म्हणाला, "याले कावीळ झाली होती, लय ताप होता. उभंही राहवत नव्हतं. मीच याले जबरदस्तीनं गाडीत बसवलं. हा तर येतच नव्हता."

टाळ्या झाल्या. दादाजींनी भर सभेत ओमप्रकाशला मिठी मारली आणि स्वतःचे डोळे पुसले. "माह्यावालं चुकलं गा," ते म्हणाले. ओमप्रकाशनं मान वर केली नाही.

मग चहा-चिवडा सुरू झाला. नीळकंठची बशी ओमप्रकाशच्या बायकोनं, देवकीनं, स्वतः आणून दिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"भाऊजी, हे घरी तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून तुम्हालेच विचारते. एवढं जग पाहिलं, सगळ्यात चांगलं कुठं वाटलं?"

दुपारी पेपरच्या बातमीदाराला त्यानं पॅरिस सांगितलं होतं. पण ही मुलगी खरंच ऐकायला उभी होती, आणि खोटं बोलायचा आता त्याला कंटाळा आला होता.

"तुर्कस्तानात एक खेडं होतं, वहिनी. बर्फानं रस्ता बंद झाला. एका गिरणीवाल्यानं आम्हा दोघांले घरात घेतलं. रजई एकच होती..." तो थांबला. त्या अंधारात एक हात त्याचा हात शोधत आला होता. आधी हात पुढे करणारा नीळकंठ नव्हता. "त्या गिरणीवाल्याची म्हातारी मसुरीचं गरम कढण पाजायची. बस, तिथंच चांगलं वाटलं."

"नाव काय त्या गावाचं?"

"आता नाही आठवत," नीळकंठ म्हणाला आणि रिकामी झालेली बशी त्यानं देवकीकडे दिली. नाव त्याला पक्कं आठवत होतं.

देवकीच्या मागे ओमप्रकाश कधीचा येऊन उभा होता, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"अक्सू," तो म्हणाला. मग बायकोच्या हातातली रिकामी बशी घेतली, आणि मागे न बघता बाहेर निघून गेला.